वाकळेच्या पोटात

तुमच्या खिशात मोड आहे, पण ती तुम्हाला नीट ओळखता येत नाही. वाईट वाटून घेऊ नका, गावातही कुणाला येत नाही. १ एप्रिलपासून नवे पैसे सुरू झालेत. रुपयाचे सोळा आणे होते ते गेले, शंभर नवे पैसे आले, आणि एका आण्याचे सहा धरायचे की सात यावरून वाण्याच्या दुकानात रोज हुज्जत चालते. साल १९५७. मे महिना, वैशाख. सातारा जिल्ह्यातला माण तालुका.

एसटी फाट्यावर धुरळा उडवून निघून गेली आणि तुम्ही पायी गावात शिरलात. वाटेत माण नदी लागली. पात्रात नुसती वाळू. वाळूत झरे उकरून वाटीवाटीनं घागर भरणाऱ्या पोरी. पुढे माळ, बाभळी, एखादा लिंब. घरं धाब्याची, मातीच्या सपाट छपराची आणि हातभर रुंद भिंतींची. बाहेर पाय पोळत असले तरी सोप्यात गारवा आहे. तुम्ही उंबऱ्याशी थबकता, कारण आत जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही. सारवलेल्या भुईवर भिंतीपासून भिंतीपर्यंत कापडं अंथरलेली आहेत.

"कोन गावचं म्हनायचं?" घरातली थोरली बाई मान वर न करताच विचारते.

"लांबचं," तुम्ही म्हणता. एवढं पुरतं. तांब्या पुढे येतो, गुळाचा खडा येतो. पाणी पिऊन होतंय तोवर पुढचा प्रश्न येतो, "सुई धरता येती न्हवं?"

शाळू निघाला, खळी उरकली, आणि पहिल्या पावसाला अजून महिना आहे. पाणी, दळण, गोठा यांतून बायकांना सुट्टी कधीच नसते, पण या दिवसांत दुपार तेवढी त्यांची असते. वाकळ शिवायची ती याच दुपारी. पुण्या-नगराकडे हिला गोधडी म्हणतात, इथे वाकळ. या घरात यंदा दोन कामं निघालीत. थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, आठवा महिना आहे, तिच्या बाळंतविड्यासाठी दुपटं हवं. आणि मधला मुलगा पुढच्या आठवड्यात मुंबईला निघालाय. चुलत्यानं परळच्या एका गिरणीत त्याला बदली कामगार म्हणून लावून दिलंय. त्याला अंथरायला-पांघरायला एक धड वाकळ हवी.

बोचकं सुटतं. म्हातारी एकेक कापड दाराकडे, उजेडात धरते. कुठे उजेड आरपार येतो ते बघते आणि हातानंच ठरवते : हे वर, हे खाली, हे पोटात. तुम्हाला सगळ्या चिंध्या सारख्याच दिसतात. तिला दिसत नाहीत. लुगडं नऊ वारांचं. नवं असतं तेव्हा सणावाराला, पुढे गावाला जाताना, त्यानंतर रोजच्याला. बसून-उठून ते मधेच विरतं. मग विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्हीकडचे चांगले भाग जोडून शिवायचे. याला दांड घालणं म्हणतात. दांड घातलेलं लुगडं आणखी वर्ष-दोन वर्षं रानात चालतं. अंगावर नेसवेना झालं की ते या बोचक्यात येतं. वाकळ झाल्यावरही त्याची सुटका नाही. जुनी वाकळ फाटली की ती अख्खीच्या अख्खी नव्या वाकळेच्या पोटात जाते, आणि उरलीसुरली धांदोटी चुलीपाशी पोतेरं होते.

ही गरिबी आहे, आणि तिला गोंडस करून सांगणं मला पटत नाही. या घरात प्रत्येक बाईपाशी धड अशी दोनच लुगडी आहेत. पण जुनं कापड फक्त नाइलाजानं वापरलं जातं असं कुणाला वाटत असेल तर पुढचा प्रसंग नीट बघा. सून म्हणते, "आत्याबाई, दुपट्याला कोरा मांजरपाट आनलाय की परवाच्या बाजारातनं. पयलं बाळ हाय." म्हातारी बोलत नाही. ती तुमचा हात ओढून घेते, मनगट उलटं करते आणि आतल्या पांढऱ्या कातडीवर मांजरपाटाची घडी घासते. खळीनं कडक झालेलं कापड ओरखडल्यासारखं लागतं. मग तिच्या स्वतःच्या जुन्या लुगड्याचा पदर. शेकडो वेळा दगडावर आपटून, पिळून, उन्हात वाळून त्यातली खळ केव्हाच गेलीय आणि सूत मऊ पडलंय. मनगटाला काही लागतच नाही. "आता सांगा," ती म्हणते, "बाळाला काय द्याचं?"

कोरा मांजरपाट फळीवर जातो. पुढे झबली शिवता येतील, बारशाच्या पुढे.

दुपट्याला तीनच थर. वर आजीचा पदर, खाली आईच्या लुगड्याचा निरीचा भाग, मधे आजोबांच्या धोतराचं एक पान. धोतर म्हणजे घरातलं सगळ्यात जास्त धुतलं जाणारं कापड, म्हणून ते सगळ्यात मऊ. चोळ्यांतून उरलेले खणाचे तुकडे तिकोनी कापून चारी कोपऱ्यांवर बसवले जातात. लेक हे सगळं भिंतीला टेकून बघते. तिला आज सुई धरू देत नाहीत. त्याच खणाच्या उरलेल्या तुकड्यांची कुंची होणार आहे. परातीत खारीक-खोबरं आणि डिंक निवडून ठेवलाय. बाळंतविडा म्हणजे एवढंच. दुकानातून यात जे आलं ते खायचं. ल्यायचं-पांघरायचं सगळं या बोचक्यातलं.

वाकळेचं काम मोठं आणि तुम्हाला बसवलंय ते तिथे.

तळाला एक अख्खं लुगडं ताणून अंथरलंय, कडांवर वरवंटा, दगड, उखळातली मुसळी ठेवून दाबलंय. त्यावर पोट भरायचं. पोटात जायच्या आधी प्रत्येक कपड्याची शिवण उसवली जाते. पैरणीची बटणं काढून गाडग्यात टाकतात, काजांची पट्टी कापून वेगळी करतात, कारण अशी जाड घडी आत राहिली तर रात्रभर पाठीला रुतते. तुकड्याला तुकडा भिडवायचा, एकावर एक चढवायचा नाही. एक थर झाला की म्हातारी गुडघ्यावर रांगत तळहातानं सगळीकडे चाचपते. जिथे खळगा लागतो तिथे बोट ठेवते, आणि सून तिथे त्या मापाची चिंधी टाकते. असे चार-पाच थर. सगळ्यात वर इरकली लुगडं, त्याचा लाल काठ बरोबर कडेनं जाईल असं. मग सगळं हलू नये म्हणून मोठाले कच्चे टाके, आणि चारी कडा आत मुडपून पक्के.

आता चौघी चार बाजूंना वाकळेवरच बसतात. तुम्हीही बसता. याला चौकट लागत नाही, यंत्र लागत नाही. शिवणाऱ्यांच्या वजनानंच कापड ताणलेलं राहतं. टाका एकच, धावदोरा. सुई वरून खाली, खालून वर, आणि चार-पाच टाके सुईवर भरले की मगच ओढायची. सोपं वाटतं. पण डावा हात वाकळेखाली असतो, आणि खालच्या थरातून सुईचं टोक निघालं की नाही हे त्या हाताच्या बोटानं कळायचं असतं. अंगुस्तान कुणाकडेच नाही. दुसऱ्या ओळीलाच तुमच्या तर्जनीला टोचतं. शेजारची जाऊ आपला हात पुढे करून दाखवते. तिच्या बोटाचं कातडं तिथे घट्टा पडून पिवळं झालंय.

ओळ कडेनं चारी बाजूंना फिरते. एक फेरा पुरा झाला की बोटभर आत दुसरा, मग तिसरा, असं मधल्या चौकोनापर्यंत. तुमचे टाके लांब पडतायत. म्हातारी वाकून बघते आणि नखानं वीतभर दोरा उसवून टाकते.

"लांब टाक्यात चिंधी सरकती. धुतली की पोटात गोळं हुत्यात. मंग पांघरनाऱ्याला वारं लागतं."

हे तिनं कुठे वाचलेलं नाही, पण वाकळेची सगळी विद्या यात आली. ऊब कापडाच्या जाडीत कमी आणि थरांमध्ये अडकलेल्या हवेत जास्त असते. सहा-सात पातळ थर, त्यांच्यामध्ये हवा, आणि ती हवा आणि चिंध्या जागच्या जागी धरून ठेवणारे हजारो बारीक टाके. म्हणून एका जाड चादरीपेक्षा विरलेल्या कापडांची वाकळ जास्त ऊब देते, आणि म्हणूनच टाका बारीक हवा. तुम्ही पुन्हा सुई घालता. यावेळी टाके जवळजवळ पडतात.

हात चालू असले की तोंडं मोकळी असतात. मार्चमधल्या निवडणुकीच्या गप्पा अजून संपलेल्या नाहीत. क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेलेत. यशवंतराव चव्हाण कराडात थोडक्यात निभावले. या बोलण्यातच सून एक राठ, पिवळट तुकडा उचलून बाजूला टाकते आणि म्हातारी तो परत मागून घेते.

"ऱ्हाऊ दे त्यो. कंट्रोलचा हाय."

तुम्ही विचारता, आणि तुम्ही आणखी चौदा वर्षं मागे जाता. १९४३. महायुद्ध चालू आहे, गिरण्यांचं कापड सैन्याकडे चाललंय, भाव चढलेत, आणि सरकारनं सूत आणि कापडावर नियंत्रण आणलंय. बाजारात कापड दिसत नाही. दिसलं तर रांगेत उभं राहून मिळेल ते जाडंभरडं घ्यायचं. घरातल्या दोघी जावांमध्ये बाहेर जाण्याजोगं एकच लुगडं. एक बाजाराला गेली की दुसरी परड्यातसुद्धा जात नाही. तेव्हा थोरल्या दिरानं कुठूनसं वारभर कापड मिळवून बंडी शिवून घेतली होती. तीच बंडी अंगात घालून ते रात्री-अपरात्री प्रतिसरकारच्या माणसांना भाकरी पोचवायला डोंगरात जात. दीर आता नाहीत. बंडीची पाठ तेवढी राहिलीय.

"पोरगं चाललंय लांब," म्हातारी म्हणते. "घाल त्येच्यात. छातीवर यील अशी घाल."

कापड निवडताना ती फक्त मऊ-राठ बघत नाही, हे तुम्हाला इथे कळतं. मुलाच्या वाकळेत बापाचं धोतर, चुलत्याची बंडी, आजीचं इरकल आणि वर्षापूर्वी फाटलेल्या पटक्याचा चांगला उरलेला भाग. लेकीच्या बाळाच्या दुपट्यात त्याच्या आईचं आणि आजीचं. कुणाला कुणाचं कापड द्यायचं याचा हिशेब तिच्या डोक्यात पक्का आहे. ती त्यावर डोळ्यांत पाणी आणून बोलत नाही. सुनेला नुसतं सांगते, हे इथे घाल, ते तिथे घाल. माझ्या लेखी हातानं केलेल्या भेटीचा अर्थ एवढाच आहे : ती एका ठरावीक माणसासाठी, ठरावीक माणसांच्या कापडातून केलेली असते. तीच वाकळ शेजारच्या मुलाला दिली तर ऊब तेवढीच मिळेल, पण ती त्याची होणार नाही.

दुपारमागून दुपार जाते. शेवटचा दोरा मधल्या चौकोनात गाठ मारून तोडला जातो, तेव्हा वाकळ एवढी जड झालेली असते की दोघींनी धरून झटकावी लागते.

आता तिच्याबरोबर चला. एसटी, मग रेल्वे, मग लालबागमधल्या एका चाळीचा तिसरा मजला. जून संपत आलाय, पाऊस धो धो. १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी चालू झाली त्याला शंभर वर्षं उलटून गेलीत, आणि भायखळ्यापासून परळच्या पुढपर्यंत भोंग्यावर जगणारं गिरणगाव उभं राहिलंय. खोली एकच, पण राहणारे वीस-बावीस, सगळे एकाच पंचक्रोशीतले. कामाच्या तीन पाळ्या, म्हणून झोपेच्याही तीन. भिंतीशी ओळीनं ट्रंका आणि त्यांवर वळकट्या. खोलीत माणसाची मालकीची जागा म्हणजे ही वळकटी उलगडल्यावर जेवढी होते तेवढी.

आपला मुलगा साचेखात्यातून रातपाळी करून आलाय. केसांत, भुवयांवर कापसाचं पांढरं तूस. कानात साच्यांचा खडखडाट अजून चालूच आहे. खानावळीत दोन घास खाऊन तो वळकटी सोडतो. लाल इरकली काठ दिसतो आणि शेणकुटाचा, चुलीच्या धुराचा वास येतो. तो वाकळ उलटीसुलटी करून बघतो. तुमच्या ओळी त्याला ओळखू येतात की नाही कोण जाणे, आईच्या मात्र येतात. तिच्या टाक्याला डावीकडे थोडा कल असतो.

मला या वळकटीबद्दल एक गोष्ट सतत जाणवते. तिच्या पोटातलं बापाचं धोतर म्हसवडच्या बाजारात विकत घेतलेलं, पण विणलेलं मुंबईच्याच गिरणीत. ज्या शहरानं ते विणलं, तिथून ते माणदेशात गेलं, एका शेतकऱ्याच्या अंगावर झिजलं, आणि मग चिंधी होऊन त्याच शहरात, रोज कापड काढणाऱ्या कामगाराच्या अंगावर आलं. गिरणीच्या गोदामात गाठींच्या राशी होत्या. कामगाराची ऊब मात्र गावाकडून यायची.

पुढची वर्षं भराभर उलटू. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे सव्वाचार वाजून गेलेत, आणि कोयनेच्या खोऱ्यात जमीन हलते. लेकीचं सासर पाटणकडचं. घराची भिंत खचलीय, कुणी आत जायला धजत नाही. कडाक्याच्या थंडीत माणसं अंगणात, खळ्यात, झाडाखाली रात्री काढतायत आणि घरातून आधी काय बाहेर काढलं म्हणाल तर वाकळा. त्यातल्या एकीच्या पोटात ते दुपटं आहे. बाळ दहा वर्षांचं झालंय, दुपटं त्याला केव्हाच पुरेनासं झालं, म्हणून ते आत गेलं.

१९७२. पाऊस नाही. नवरात्राच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा-पटकुरं नदीवर नेऊन धुवायची, याला दसरा काढणं म्हणतात. ओली वाकळ दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची, खडकावर पसरायची, वर्षाचा मळ वाहून जाऊ द्यायचा. यंदा प्यायला पाणी नाही. बायका दुष्काळी कामावर खडी फोडतायत, आणि अंगावरचंच कापड फाटतंय तर वाकळेच्या पोटाला कुठून आणणार?

१८ जानेवारी १९८२. अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. महिने उलटले, तो संप मिटल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. माणसं गावाकडे परतू लागली. फाट्यावर एसटीतून एक पंचेचाळिशीचा माणूस उतरतो, हातात ट्रंक आणि खांद्यावर वळकटी. वरचं इरकल दोनदा बदललंय. आतली बंडी तीच आहे.

पण वाकळ संपत चालली ती संपामुळे नाही. तोवर बोचक्यातलं कापडच बदललं होतं. नायलॉनची लुगडी आली, टेरिलीनचे सदरे आले. धुवायला सोपी, फाटायचं नाव नाही. वाकळेला मात्र ती कामाची नाहीत. सुई त्यावरून घसरते, थर एकमेकांवर धरत नाहीत, घाम शोषला जात नाही आणि बाळाच्या अंगाला ती चिकटतात. जे कापड वापरून मऊ होत नाही त्याची वाकळ होत नाही. बाजारातली स्वस्त ब्लँकेटं त्यानंतर आली, आणि रिकाम्या जागेत सहज बसली.

परत या. तुमच्या घरात कपाट आहे, त्याच्या वरच्या कप्प्यात आईच्या, आजीच्या, सासूबाईंच्या सुती साड्या घडी करून ठेवलेल्या आहेत. कुणी नेसत नाही, कुणाला देववत नाही. हल्ली दुकानांतून कोऱ्या छापील कापडाच्या सुबक गोधड्या मिळतात आणि लोक त्या बारशाला नेतात. त्या दिसतात छान, पण बाळाच्या अंगाला त्या कोऱ्याच लागतात, आणि त्यात कुणीच नसतं. म्हणून घरात बाळ यायचं असेल, मुलगी नोकरीसाठी दूर निघाली असेल, म्हाताऱ्या मामांना थंडी सोसत नसेल, तर ते कपाट उघडा. फक्त सुती घ्या. बोटांना कळत नसेल तर एक दोरा जाळून बघा, सुताची राख होते आणि नायलॉनचा गोळा. शिवणी उसवा, बटणं काढा, धुऊन कडकडीत उन्हात वाळवा. पोटात कुणाचा सदरा, कुणाचा फेटा घातलाय ते कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या. शिवता येत नसेल तर गोधडी शिवून देणाऱ्या बाया अजून शहरांतही दारावर येतात, गावांत तर आहेतच. त्यांना बोलवा, टाका बारीक घाला म्हणून सांगा, आणि मजुरी ठरवताना आधी एका ओळीतले टाके मोजा, मग अशा ओळी किती ते मोजा. त्यानंतर घासाघीस करायचं धाडस कुणाला होईल असं मला वाटत नाही. आणि त्या शिवत असतील तेव्हा तुमच्यापैकी एकानं तरी त्यांच्याशेजारी सुई घेऊन बसा. उन्हाळ्यात बसा, पावसाच्या आधी.